‘आद्य’ या शब्दात काय मावते

आंतरराष्ट्रीय न्यायालयांतल्या स्त्री न्यायाधीशांवरच्या या लेखांना प्रस्तावना लिहाल का, असे विचारायला संपादक बिदर जिल्ह्यातल्या भालकीला आले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी तालुक्याच्या कोर्टातली वकील. वाटणीचे दावे, पोटगी, बांध कोरल्याच्या तक्रारी यांत माझी हयात गेली. हेगचे न्यायालय मी पाहिले ते टीव्हीवर, कुलभूषण जाधव खटल्याच्या वेळी. मराठी माणसाच्या जिवाचा प्रश्न आणि बाजू मांडायला नागपूरचे हरीश साळवे, म्हणून घरातले सगळे कामे टाकून बसले होते. जुलै २०१९ मध्ये निकाल आला तेव्हा पीठावर १६ न्यायाधीश होते. त्यांत बायका तीन. त्या दिवशी मी ते मोजले नव्हते. या लेखांनी मोजायला लावले.

टंकलेख मी बिदर-कलबुर्गी गाडीत वाचून काढला. ही रेल्वे २०१७ मध्ये सुरू झाली. उच्च न्यायालयाचे पीठ कलबुर्गीला आले २००८ मध्ये, आधी फिरते, मग २०१३ पासून कायमचे. त्यापूर्वी आमच्या अशिलाला अपिलासाठी बेंगळूर गाठावे लागे, जवळपास ७०० किलोमीटर. भाऊ जाई, नाही तर दीर. दावा बाईच्या नावाचा असला तरी बाई जात नसे. तिच्या खटल्यात काय झाले ते परत आलेला माणूस सांगेल तेवढेच तिला कळे. कोर्ट दूर असणे म्हणजे काय, हे मी तिथे शिकले. हेगबद्दल लिहिताना माझ्यापाशी दुसरे माप नाही.

पण त्याआधी आमच्या शेजारची एक गोष्ट सांगायला हवी, कारण ‘पीठावर कोण बसते याने काय फरक पडतो’ या प्रश्नाचे मला सापडलेले सगळ्यात चांगले उदाहरण हेगमध्ये नाही, बसवकल्याणात, म्हणजे जुन्या कल्याणात आहे.

अकराव्या शतकाच्या अखेरीस तिथे चालुक्यांचा सहावा विक्रमादित्य राज्य करत होता (१०७६ ते ११२६). त्याच्या आश्रयाला विज्ञानेश्वर नावाचा पंडित होता. त्याने याज्ञवल्क्य स्मृतीवर टीका लिहिली, तीच ‘मिताक्षरा’. मिताक्षरा म्हणजे मोजकी अक्षरे. या मोजक्या अक्षरांनी बंगालकडचा भाग वगळता बहुतेक हिंदुस्थानातल्या हिंदू घरांची वाटणी ठरवली. कलबुर्गी जिल्ह्यातले मरतूर हे त्याचे गाव, असे तिकडचे लोक अभिमानाने सांगतात. कल्याण म्हटले की लिंगायत संतांची वचने आणि त्यांची सभा, अनुभव मंटप, सगळ्यांना आठवतो. वारसा कायद्याची मुळेही तिथेच आहेत, हे आमच्या बार रूममध्येसुद्धा फार जणांच्या लक्षात नसते.

स्त्रीधन कशाला म्हणावे हे सांगताना याज्ञवल्क्याने यादी दिली. बापाने दिलेले, आईने दिलेले, नवऱ्याने, भावाने दिलेले, लग्नात अग्नीपाशी मिळालेले, अशी. आणि यादीच्या शेवटी एक बारकासा शब्द जोडला : ‘आद्य’. म्हणजे इत्यादी. आता या इत्यादीत काय धरायचे? विज्ञानेश्वराने धरले : वारशाने आलेले, विकत घेतलेले, वाटणीत मिळालेले, ताब्यात आलेले, सापडलेले. बाईकडे मालमत्ता ज्या ज्या वाटेने येऊ शकते त्या सगळ्या वाटा त्याने त्या एका शब्दात घेतल्या. स्त्रीधन म्हणजे स्त्रीचे धन, सरळ अर्थ लागत असताना पारिभाषिक कशाला करता, असे त्याचे म्हणणे. वकील म्हणून सांगते, इतका सुटसुटीत अन्वयार्थ मी फार थोड्या निकालांत वाचला आहे. त्याच ग्रंथात वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मुलाला आणि नातवाला आहे, लेकीला नाही, हेही विसरून चालणार नाही. विज्ञानेश्वराला स्त्रीमुक्तीचा फेटा बांधण्याचा माझा विचार नाही.

पुढे इंग्रज आले. कोलब्रुक या इंग्रज अधिकाऱ्याने १८१० मध्ये मिताक्षरेतल्या वारशाच्या प्रकरणाचे इंग्रजी भाषांतर छापले आणि कल्याणच्या पंडिताचे शब्द लंडनला प्रिव्ही कौन्सिल या सर्वांत वरच्या अपील न्यायालयापुढे जाऊन पडले. १८६७ मध्ये भगवानदीन दुबे विरुद्ध मैनाबाई या खटल्यात तिथल्या न्यायाधीशांनी ठरवले की नवऱ्याकडून वारशाने आलेली मिळकत हे स्त्रीधन नव्हे. विधवेने ती हयातीपुरती उपभोगायची. तिच्यामागे ती नवऱ्याच्या वारसांकडे परत जायची. १९०३ मध्ये आणखी एका निकालाने आईकडून लेकीला आलेल्या मिळकतीचीही तीच गत केली. मुंबई इलाख्यात लेकीबहिणींना थोडी सूट राहिली. बाकी ठिकाणी ‘आद्य’ची मूठ मिटली. आमचा मुलूख निजामाचा, इथल्या अपिलांना लंडनची वाट नव्हती. पण हिंदू कायद्याची पाठ्यपुस्तके ब्रिटिश हिंदुस्थानातल्या निकालांवर उभी राहिली आणि मीही तीच वाचून वकील झाले.

ज्या दालनात हे ठरले तिथे मैनाबाईच्या बाजूची किंवा विरुद्धची, कुठलीच बाई असणे शक्य नव्हते. बायकांना वकिलीची मुभा देणारा कायदा हिंदुस्थानात आला १९२३ मध्ये. नाशकात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली होती १८९२ मध्ये. त्यानंतर जवळपास तीन दशके त्यांना रीतसर वकील म्हणून कोणी उभे राहू दिले नाही.

बाई असती तर निकाल वेगळा लागला असता, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. ‘आद्य’ रुंद करणारा पुरुषच होता आणि तो अरुंद करणारेही पुरुषच. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ ने बाईकडची मिळकत तिच्या पूर्ण मालकीची केली, आणि त्या कलमाचे स्पष्टीकरण वाचा : वारशाने, वाटणीत, पोटगीपोटी, बक्षीस म्हणून, स्वतःच्या कसबाने, खरेदीने. साडेआठशे वर्षांनी विज्ञानेश्वराची यादी जवळपास जशीच्या तशी परत आली. ती आणणाऱ्या संसदेतही पुरुषच भरपूर होते. तेव्हा ‘बाई न्यायाधीश म्हणजे बायकांना न्याय’ असे सोपे समीकरण मांडणाऱ्यांशी माझे जमत नाही. मला खटकते ते दुसरेच. एका शब्दाचा अर्थ निम्म्या समाजाच्या भाकरीशी बांधलेला आहे, आणि त्या अर्थाची चर्चा नऊ शतके चालू असताना त्यातला बहुतेक काळ त्या निम्म्या समाजातले कोणीही बोलायला नाही. निकाल बरोबर लागला तरी ही गोष्ट चूकच राहते.

आमच्याकडे असे काही बोलले की लगेच कोणीतरी वचने रचणाऱ्या अक्कमहादेवीचे नाव घेते. कल्याणात बाराव्या शतकातच बायका मंटपात बसत होत्या, तुम्ही हेगचे काय सांगता? खरे आहे. पण परंपरा हेही सांगते की मंटपात आल्यावर अक्काची परीक्षा घेतली ती मंटपाच्या अध्यक्षस्थानी असलेल्या अल्लमप्रभूंनी. प्रश्न विचारणारे ते, उत्तरे देणारी ती. तिने दिलेली उत्तरे इतकी तेज होती की आपण परीक्षक कोण होते हे विचारायचे विसरून जातो.

१ नोव्हेंबर १९५६ ला जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर पुढे महाराष्ट्रात गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात आले. सोयरिकी मात्र तुटल्या नाहीत. भालकीची लेक उदगीरला, निलंग्याची भालकीला. लेकीला जन्मतः हिस्सा देणारी दुरुस्ती आंध्रात १९८५ पासून लागू झाली, महाराष्ट्रात जून १९९४ ला, कर्नाटकात जुलै १९९४ ला. आणि तिन्हीकडे एकच अट, आधी लग्न झालेल्या लेकी बाद. एकाच घरातल्या दोन बहिणी धरा. थोरलीचे लग्न १९९४ च्या मे महिन्यात, धाकटीचे दोन वर्षांनी. धाकटीला हिस्सा, थोरलीला साडी-चोळी. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ही अट गेली, आणि त्या तारखेला बाप हयात असायला हवा का हा वाद मिटायला ऑगस्ट २०२० उजाडला. तो मिटवला तीन पुरुष न्यायमूर्तींनी, आणि चांगला मिटवला.

कायदा बदलला म्हणून पहाणीवर नाव चढत नाही. (महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी : तुमचा सातबारा तीच आमची पहाणी. निजाम गेला, त्याचे शब्द राहिले. पेशी, मिसल, फैसलाही राहिले.) नाव चढायच्या आत हक्कसोड होते. नोंदणी कचेरीच्या व्हरांड्यात भाऊ, भावजय, बहीण आणि कागद तयार. मी कितीदा तरी विचारले आहे, आक्का, काय लिहिलंय ते कळलं ना? एकीने दिलेले उत्तर अजून कानात आहे : ‘मला रान नगं, माहेर ऱ्हाऊ द्या.’ आत गेल्यावर अधिकारी विचारतो, खुशीने सही करता ना? भाऊ शेजारी उभा असतो. ती मान हलवते. विचारणाऱ्याने नियम पाळलेला असतो. त्याने आणखी एक प्रश्न विचारला असता, भावाला दोन मिनिटे बाहेर थांबायला सांगितले असते, तर काय झाले असते हे मला माहीत नाही. तो दुसरा प्रश्न विचारला जात नाही, एवढे माहीत आहे.

म्हणून या संग्रहातले अरुशाचे प्रकरण वाचताना मी गाडीत थबकले. रवांडातल्या नरसंहारानंतर संयुक्त राष्ट्रांनी टांझानियातल्या अरुशा इथे न्यायाधिकरण नेमले. ताबा नावाच्या भागाचा नगरप्रमुख झाँ-पॉल अकायेसू याच्यावरच्या मूळ आरोपपत्रात बलात्काराचा शब्दही नव्हता. १९९७ च्या सुरुवातीला एका आईने साक्षीत आपल्या सहा वर्षांच्या मुलीवर काय झाले ते ओघात सांगितले. तिला ते कोणी विचारले नव्हते. तीन न्यायाधीशांच्या त्या पीठावर एकच बाई होती, नवनीतम पिल्ले. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या, तमिळ घरातल्या, वडील बसचालक. पीठाने तो धागा सोडला नाही. पुढच्या साक्षीदारांनाही खोदून विचारले. त्याच वर्षी जूनमध्ये आरोपपत्र दुरुस्त झाले. बाहेरून महिला संघटनांचा रेटाही होताच. २ सप्टेंबर १९९८ ला निकाल लागला आणि बलात्कार हा नरसंहाराचा भाग ठरू शकतो, असे एखाद्या आंतरराष्ट्रीय न्यायपीठाने पहिल्यांदाच म्हटले. तो दुसरा प्रश्न विचारला गेला, म्हणून.

हेगकडे वळते. इथे आकडे बोलतात, पण थोडक्यात सांगते. पुढच्या लेखांत ते सविस्तर आहेत. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे काम १९४६ मध्ये सुरू झाले. पहिली निवडून आलेली बाई, ब्रिटनच्या रोझलिन हिगिन्स, १९९५ मध्ये. म्हणजे ४९ वर्षे १५ पुरुष आळीपाळीने. त्यानंतर चीनच्या श्वे हानचिन, अमेरिकेच्या जोन डोनह्यू, युगांडाच्या ज्युलिया सेबुटिंडे, ऑस्ट्रेलियाच्या हिलरी चार्ल्सवर्थ आणि अमेरिकेच्याच सारा क्लीव्हलँड. २०२४ पर्यंत सगळ्या मिळून सहा. हँबुर्गचे समुद्र कायद्याचे न्यायाधिकरण १९९६ मध्ये उभे राहिले, २१ न्यायाधीशांचे. २०११ मध्ये अर्जेंटिनाच्या एल्सा केली येईपर्यंत तिथे एकही बाई नव्हती. युगोस्लाव्हियासाठी १९९३ मध्ये नेमलेल्या न्यायाधिकरणात पहिल्या ११ जणांत दोघी होत्या.

हे असे का होते, याचे उत्तर माणसांच्या मनापेक्षा नियमांत शोधलेले बरे. हेगच्या पीठासाठी उमेदवाराचे नाव देशोदेशींचे ‘राष्ट्रीय गट’ सुचवतात. मग आमसभा आणि सुरक्षा परिषद वेगवेगळे मतदान करतात आणि दोन्हीकडे बहुमत लागते. पीठावर जगातल्या प्रमुख संस्कृती आणि कायदेपद्धती असाव्यात असे न्यायालयाच्या संविधीत लिहिले आहे. बायकांबद्दल तिथे अक्षर नाही. उलट १९९८ च्या रोम कराराने आंतरराष्ट्रीय गुन्हेगारी न्यायालयाच्या बाबतीत स्त्री आणि पुरुष न्यायाधीशांचे रास्त प्रमाण राखावे असे लिहून ठेवले, मतदानाचे नियमही तसे केले, आणि २००३ च्या पहिल्याच पीठावर १८ पैकी ७ बायका आल्या. एक न्यायालय अर्ध्या शतकात एकीपर्यंत पोहोचले, दुसरे पहिल्या दिवशी सातांपर्यंत. माणसे त्याच जगातली. ग्रामपंचायतीचे राखीव प्रभाग पाहिलेल्या आमच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही.

बायका आल्या म्हणजे त्या एका सुरात बोलतात, या समजुतीलाही २०२४ ने चाप लावला. गाझाच्या प्रश्नावर दक्षिण आफ्रिकेने इस्रायलविरुद्ध आणलेल्या खटल्यात जानेवारीत अंतरिम आदेश झाला. पीठाच्या अध्यक्ष डोनह्यू. पीठावरच्या चौघींपैकी तिघी आदेशाच्या बाजूने गेल्या, आणि सेबुटिंडे यांनी प्रत्येक मुद्द्यावर विरोधात मत दिले. मला त्यांचे मत पटले नाही. तरी चौघींना भांडायला जागा मिळाली याचे मला बरे वाटले. एकटीला सगळ्या बायकांची प्रतिनिधी म्हणून बसावे लागते. चौघी असल्या की प्रत्येकीला फक्त न्यायाधीश होता येते.

भारताचे काय? हेगच्या पीठावर आपले चौघे निवडून गेले : बेनेगल नरसिंह राव, नगेंद्र सिंह, रघुनंदन स्वरूप पाठक, दलवीर भंडारी. चौघेही पुरुष. रोम करारावर भारताने सहीच केलेली नाही, तेव्हा तिथे आपल्या बाईचा प्रश्नच उद्भवत नाही. एकच नाव आहे, नीरू चढ्ढा. परराष्ट्र मंत्रालयाच्या कायदा सल्लागार झालेल्या त्या पहिल्या स्त्री, आणि २०१७ मध्ये समुद्र न्यायाधिकरणावर निवडून आलेल्या पहिल्या भारतीय स्त्री. हेगच्या न्यायालयाची संविधी म्हणते, आपापल्या देशात सर्वोच्च न्यायपदासाठी पात्र असलेली माणसे द्या. मग देशातली शिडी पाहावी लागते. सर्वोच्च न्यायालयात १९८९ मध्ये फातिमा बीवी आल्या. तेव्हापासून २०२५ पर्यंत बायका अवघ्या ११. त्यांपैकी दुसऱ्या सुजाता मनोहर. त्या १९७८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती झाल्या आणि १९९४ मध्ये तिथल्या पहिल्या स्त्री मुख्य न्यायमूर्ती. आमच्या कल्याण कर्नाटकातल्या बळ्ळारीत वकिली सुरू केलेल्या मंजुळा चेल्लूर २०१६ मध्ये त्याच मुंबई न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्ती झाल्या, हे सीमेवरच्या माणसाला सांगायला आवडते. सेवाज्येष्ठता पाळली गेली तर २०२७ मध्ये बेंगळूरच्या बी. व्ही. नागरत्ना सरन्यायाधीश होतील. पहिली स्त्री सरन्यायाधीश, आणि कार्यकाळ सुमारे पाच आठवड्यांचा.

आंतरराष्ट्रीय कायदा आमच्या तालुक्यात पोहोचतो का, असे कोणी विचारले तर मी विशाखा निकालाकडे बोट दाखवते. १३ ऑगस्ट १९९७. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळावर देशात कायदा नव्हता. वर्मा, मनोहर आणि किरपाल यांच्या पीठाने भारताने १९९३ मध्ये मान्य केलेल्या, स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेतला आणि मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. २०१३ चा कायदा त्यातूनच आला. आज शाळा, बँक, दवाखान्याच्या भिंतीवर तक्रार समितीचा फलक असतो. समिती बसते की नाही ही पुढची गोष्ट. मी असे फलकही पाहिले आहेत ज्यांवरच्या सदस्या बदलून जाऊन चार वर्षे झाली. तरी तक्रार घेऊन आलेल्या मुलीला दाखवायला माझ्याकडे एक कागद आहे, आणि त्याचे मूळ न्यूयॉर्कमध्ये १९७९ साली मंजूर झालेल्या करारात आहे.

भाषेबद्दल थोडे. लेखकांनी सगळीकडे ‘स्त्री न्यायाधीश’ वापरले आहे, ते ठीकच. आमच्याकडे पाटलीण म्हणजे पाटलाची बायको आणि वकिलीणबाई म्हणजे वकिलाची. मी वकिली सुरू केली तेव्हा एक अशील माझ्यासमोरच पाच मिनिटे ‘साहेब कधी येणार’ म्हणून ताटकळत बसला होता. पुढे मीच वकीलसाहेब झाले. गंमत अशी की मराठीत मूर्ती स्त्रीलिंगी आहे. न्यायमूर्ती हा शब्द व्याकरणाने मुळात बाईचाच. आपण शंभर-दीडशे वर्षे ‘न्यायमूर्ती म्हणाले’ असे लिहीत आलो आणि कोणाच्या कानाला खटकले नाही.

वाचकांनी हे लेख क्रमाने वाचू नयेत, असे मला वाटते. अरुशापासून सुरुवात करावी, मग निवडणुकांचे नियम असलेले प्रकरण, कारण ते रुक्ष असले तरी सगळ्या कुलपांच्या किल्ल्या तिथे आहेत. हिगिन्स यांच्यावरचा लेख मला जरा भक्तिभावाने लिहिलेला वाटला. तो शेवटी वाचला तरी चालेल.

कलबुर्गीहून परतताना माझी एक अशील सोबत होती. हुमनाबादजवळच्या गावची, बापाच्या जमिनीतल्या हिश्श्यासाठी अपिलात आलेली, आयुष्यात पहिल्यांदा उच्च न्यायालय आतून पाहिलेली. माझ्या मांडीवरचे कागद पाहून तिने विचारले, ताई, ह्या बाया कुठल्या? मी सांगितले, लांबच्या कोर्टातल्या, समुद्रापलीकडच्या. तिथे पेशीला कोण जाते, हा तिचा पुढचा प्रश्न. मी म्हटले, तिथे माणसे जात नाहीत, देश जातात. तिने जरा विचार केला. ‘मग देशाकडनं कोण जातंय?’

मी पाने चाळून नीरू चढ्ढांचे नाव असलेले पान काढले आणि वाचून दाखवायला लागले. हुमनाबाद येईपर्यंत ते पान संपले नव्हते.